गोधडीतला जमाखर्च



आमच्या निफाड तालुक्याची थंडी आता टीव्हीवर दिसते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, हे डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या बातम्यांत सांगतात. काही वर्षी तो एक-दोन अंशांपर्यंतही आला आहे. द्राक्षवाले मग पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक सुरू करतात, कारण मणी तडकले की वर्षाची कमाई गेली. माणसांसाठी मात्र विंचुरात जुना उपाय अजून चालतो. गोधडी.

यंदा थंडी सुरू व्हायच्या आधी पेटीतली मोठी गोधडी उन्हात टाकली, तर मधोमध वीतभर फाटलेली. वरचं कापड विरून गेलं होतं, आतले थर गोळा होऊन एका कोपऱ्यात बसले होते. सूनबाई पुण्याला असते. तिला फोनवर सहज सांगितलं, तर म्हणाली, "मम्मी, कशाला डोळे फोडता? मी ऑनलाइन मागवते. हलकी असते, मशीनमध्ये धुता येते." ती प्रेमानेच म्हणाली. तिच्यावर रागावण्याचा हक्क मला तर मुळीच नाही, आणि तो का नाही हे पुढे सांगते. मी एवढंच म्हटलं, की आधी उसवून बघते, मग ठरवू.

उसवायला बसले ती तीन दुपारी बसले. लासलगाव जवळ असलेल्या माणसाने कांद्याचीच उपमा द्यावी. एक पापुद्रा काढावा तर खाली दुसरा. गोधडी म्हणजे फक्त जुन्या कापडांचे थर नसतात. जुनी गोधडीच नव्या गोधडीच्या पोटात जाते. एक विरली की तिला तशीच्या तशी आत घालून वरून-खालून नवी पातळं लावतात. त्यामुळे आत जावं तितकं मागे जाणं होतं. आमच्या घरात बाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी शिवलेली ही गोधडी. तिच्या आत त्यांच्या सासूबाईंच्या हातची एक, आणि त्या आतलीच्या आत आणखी काही चिंध्या, ज्यांचं नाव-गाव सांगणारं आता कोणी नाही.

ज्यांनी गोधडी घालताना पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. गच्चीवर किंवा सारवलेल्या अंगणात सगळ्यात खाली एक नऊवारी दुहेरी करून पसरायची. चारी कोपऱ्यांवर दगड नाहीतर पाटा-वरवंटा ठेवायचा, म्हणजे कापड ताणलेलं राहतं. मग आतले थर: फाटकी धोतरं, पंचे, उशांचे अभ्रे, पोरांचे झबले. जिथे विरळ तिथे दोन तुकडे जास्त, जिथे जाड तिथे कमी. वर पुन्हा चांगलं पातळ. कडा दुमडून आधी मोठे कच्चे टाके घालायचे आणि मग खरा धावदोरा सुरू. बाहेरच्या कडेपासून चौकोनात फिरत फिरत मध्याकडे यायचं. मध्यात पोचलं की गोधडी झाली.

मी बी.कॉम. असल्यामुळे मोजल्याशिवाय मला राहवत नाही. सहा फूट बाय चार फूट गोधडी, दोन ओळींत साधारण दीड सेंटिमीटर अंतर, सेंटिमीटरला एक टाका. हिशोब केला तर सगळ्या ओळी मिळून १४४ मीटर भरतात आणि टाके चौदा हजारांच्या वर जातात. रोज दुपारी दोन तास बसलं तर महिना लागतो, म्हणजे मिनिटाला चार टाके. ऐकायला कमी वाटतं, पण सहा-सात थरांतून सुई पार काढून बघा.

विंचूर हे इतिहासातलं गाव आहे. पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्या जहागिरीचं हे ठाणं. त्यांचाच पुण्यातला विंचूरकर वाडा टिळकांच्या गणपतीमुळे सर्वांना ठाऊक. विठ्ठल शिवदेव पानिपतावर होते. १४ जानेवारी १७६१, म्हणजे उत्तरेतली ऐन थंडी, आणि आपल्या लोकांकडे पुरेसे गरम कपडे नव्हते हे पानिपतावर लिहिणाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे. विंचूरकर त्यातून जिवंत परतले. मी लहानपणी शाळेत तोफा, घोडे, कोण कुठे पडला हे सगळं पाठ केलं. मराठ्यांच्या राज्यकारभारातले अठरा कारखानेही पाठ केले होते. त्यांत फरासखाना असे, म्हणजे तंबू, सतरंज्या, बिछायतींचं खातं. पण लाखभर माणसं रात्री अंगावर काय घेऊन झोपत होती आणि ते कोणी शिवून दिलं होतं, हे कधी पुस्तकात आलं नाही. त्यातल्या कित्येकांच्या खोगिरावर घरच्या बाईने शिवलेली वाकळ असणारच, असं मला आपलं वाटतं. कागद नाही, म्हणून ठामपणे म्हणत नाही.

गोधडीचं नाव इतिहासात आलं ते बायकांमुळे नव्हे, एका पुरुषामुळे. गाडगेबाबा (१८७६ ते १९५६) चिंध्या शिवलेला अंगरखा घालून हिंडत, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. बाकी गोधडी सगळीकडे होती. आमचे पूर्वज मारवाडातून आले, तिकडे ती गुदडी. बंगालात कांथा, बिहारात सुजनी. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, त्या कवंदी शिवतात आणि तिच्या कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची फुलं बसवतात. फुलं नसली तर कवंदी उघडी आहे असं मानतात. कुठे मारवाड, कुठे आफ्रिका, आणि कामाची रीत एकच: जुनं सुती कापड, धावदोरा, आणि दुपारचा वेळ.

आता थरांकडे वळते.

सगळ्यात आतला ओळखता येण्यासारखा थर म्हणजे जाडं-भरडं, रंग उडालेलं लुगडं. हे मालेगावचं असणार. आमच्या घरचं विंचुरात कापडाचं छोटं दुकान होतं, त्यामुळे कुठलं कापड कुठून यायचं हे सासऱ्यांकडून ऐकलेलं. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेतून मोमीन विणकर मालेगावात येऊन वसले. आधी हातमाग, मग यंत्रमाग. आमच्या भागातल्या शेतात काम करणाऱ्या बायकांच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच रंगीत लुगडं असे. शेटजींच्या घरातली बाईही रोजच्याला तेच नेसे. सणाला वेगळं.

त्यावरचा थर मांजरपाटाचा. पांढरा म्हणावा तर पिवळट. हे कंट्रोलच्या काळातलं कापड असावं, कारण बाई नेहमी सांगायच्या की त्यांच्या सासूबाई चांगलं सूत हातात आलं की "कंट्रोलात नव्हतं हो असं" म्हणायच्या. दुसऱ्या महायुद्धात गिरण्यांचं कापड लष्कराकडे वळलं, भाव भडकले, आणि १९४३ साली सरकारने कापड आणि सूत नियंत्रणाचा हुकूम काढला. कापडावर किंमत छापून येऊ लागली, दुकानदाराला ठरलेल्या भावानेच विकावं लागे. सासरे तेव्हा मुलगेच होते. दुकानापुढच्या रांगा आणि आजोबांशी भांडणारी माणसं त्यांना आठवत. जुने कपडे फेकायचा तर प्रश्नच नव्हता. ठिगळाला ठिगळ लावून नेसायचं, आणि ते ठिगळही थकलं की गोधडीत. या मांजरपाटाला मी मोजले तर एका हातभर तुकड्यात चार ठिगळं होती. एका ठिगळाचे टाके इतके बारीक, की चष्मा लावूनही दोनदा बघावं लागलं.

मग मुंबईच्या गिरण्यांची पातळं. हे थर सर्वांत जास्त आणि सर्वांत सुंदर. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली कावसजी दावर यांनी काढली, आणि पुढची सव्वाशे वर्षं महाराष्ट्राच्या बाईचं अंग मुंबईने झाकलं असं म्हटलं तर फार चूक नाही. बाई १९४९ साली लग्न होऊन या घरात आल्या त्या नऊवारीत. कधीतरी पुढे गोल पातळ आलं. उसवताना ते कळतं: आधी लांबच लांब पट्टे, नंतर आखूड. एकावर बारीक चौकड्या, एकावर जांभळे काठ. सतत धुऊन धुऊन ही कापडं अशी मऊ झालेली, की दुकानातल्या कुठल्याही नव्या थानाला तो हात येत नाही. बाळासाठी दुपटं नव्या कापडाचं का करत नाहीत, हे हात लावल्यावर समजतं.

१९७२ चा थर नाही. म्हणजे त्या वर्षांतलं काहीच नाही. याचं कारण मला बाईंनीच सांगितलं होतं. दुष्काळात खडी फोडायला, रस्त्याच्या कामावर लांबून माणसं आली होती. दिवसा सुकडी मिळायची, मिलो खाऊन लोक दिवस काढत होते. पण रात्री उघड्यावर. बाईंनी घरातल्या तीन गोधड्या दिल्या. सासऱ्यांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पेटीत ठेवून काय त्यांना ऊब मिळणार होती?" आमच्या धर्मात अपरिग्रहावर प्रवचनं पुष्कळ होतात. बाई प्रवचनाला नेमाने जात, पण त्यावर बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

माझं लग्न १९८२ च्या वैशाखात झालं. त्याच वर्षी १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, आणि त्यांतले कित्येक कधी परत कामावर गेलेच नाहीत. नवी नवरी म्हणून मला त्याचं काय? पण दुकानात माल येईना, सासरे चिंतेत. आलेला माल सुरतेचा, भिवंडीचा. सिंथेटिक साड्या, इस्त्री लागत नाही, रंग जात नाही, रात्री धुवावी सकाळी नेसावी. जाहिराती रंगीत मासिकांतून यायच्याच. माझ्या रुखवतातल्या बारा साड्यांपैकी सात अशाच होत्या, आणि मला त्यांचा केवढा अभिमान!

गोधडीच्या इतिहासात हे वळण सर्वांत मोठं आहे, असं मला वाटतं. सिंथेटिक साडी विरत नाही, म्हणून ती गोधडीला येत नाही. आणि घातलीच तर घाम शोषत नाही, सुईखालून सरकते, थंडीत अंगाला गार लागते. बाईंनी एकदा माझी एक टाकून बघितली होती. दोन ओळी घालून उसवली आणि म्हणाल्या, "ही साडी म्हातारी होत नाही ग. हिला गोधडीत कशी घेऊ?" ज्या घरांतून सुती साडी गेली, त्या घरांतून दहा-पंधरा वर्षांत गोधडी आपोआप गेली.

आणखी एक कापड या गोधडीत नाही, ते म्हणजे रेशीम. तुम्ही म्हणाल, येवला हाकेच्या अंतरावर, आणि पैठणीचा एक तुकडा नाही? रघोजी नाईकांनी येवला वसवलं तेव्हा विणकर आणून बसवले, ही तिकडची सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट. आजही तिथल्या घराघरांत माग आहे. पुरुष मागावर तर बायका कांड्या भरतात, पोरं धागा धरतात. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं. घरात बसून सगळ्या कुटुंबाने केलेली कारागिरी म्हणून मला येवल्याचं फार कौतुक आहे. पण रेशमाचा अखंड धागा हवा तर किडा कोषातून बाहेर पडायच्या आधीच कोष उकळावा लागतो. बाईंना हे एका साध्वीजींच्या चातुर्मासात कळलं आणि त्यांनी रेशमाचे पच्चक्खाण घेतले. माझ्या वडिलांनी मला लग्नात पैठणी दिली होती, मोरपंखी. बाई कधी 'नेसू नकोस' म्हणाल्या नाहीत. मीच ती तीनदा नेसले, आणि तिन्ही वेळा त्यांच्या शेजारी उभी राहताना मला कसंतरी झालं. ती अजून पेटीत आहे. टाकवत नाही, नेसवत नाही. किडा बाहेर पडल्यावरच्या कोषांपासून काढलेलं अहिंसा रेशीम आता मिळतं. त्याचा धागा तुटलेला असल्यामुळे तो कातावा लागतो आणि चमक कमी येते. पण त्याने माझी ती जुनी पैठणी सुटत नाही.

यत्नेचा विषय निघालाच आहे, तर बाईंची शिस्त सांगते. गोधडीत जाणारा प्रत्येक तुकडा आधी उन्हात, मग झटकून, उलटसुलट बघून. कसर, ढेकूण, कोळ्याचं जाळं, काही असलं तर अलगद बाजूला. दिवे लागणीनंतर सुई नाही. पर्युषणात सुई नाही. सामायिकात तर प्रश्नच नाही, ती ४८ मिनिटं सगळ्या कामातून सुट्टी. आणि हे सगळं पाळून वर्षाला दोन गोधड्या.

आता माझ्या चुकीकडे येते.

१९८४ चा उन्हाळा होता. दुकानाच्या लाल वहीचं काम सासऱ्यांनी माझ्याकडे दिलं होतं. सून बी.कॉम. आहे हे ते गिऱ्हाइकांना आवर्जून सांगायचे, आणि मीही जरा हवेत होते. दुपारी बाई आणि शेजारच्या दोघी-तिघी ओट्यावर गोधडी घेऊन बसलेल्या. मला वाटे, केवढा हा वेळेचा अपव्यय! एक दिवस मी कागद घेतला. दोऱ्याच्या रिळांची किंमत. जुन्या कापडाची किंमत, म्हणजे चिंधीवाला किलोमागे जे देतो ते. साठ तासांची मजुरी, तेव्हाच्या शेतमजुरीच्या दराने. बेरीज मारली. समोर आमच्याच दुकानातल्या सोलापुरी चादरीचा घाऊक भाव लिहिला. गोधडी चादरीच्या जवळजवळ तिप्पट महाग पडत होती. तो कागद मी बाईंना सगळ्यांसमोर वाचून दाखवला. हसत हसतच, पण सगळ्यांसमोर.

बाईंनी तो नीट ऐकला. म्हणाल्या, "हिशोब बरोबर आहे तुझा." गोधडी गुंडाळली आणि आत ठेवली. ती तशीच अर्धी राहिली. पुढची दोन वर्षं आमच्या ओट्यावर गोधडी पडली नाही. शेजारणी दुसऱ्या ओट्यावर जाऊ लागल्या.

माझा हिशोब बरोबर नव्हता. आणि गंमत अशी, की तो का चुकीचा आहे हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. अर्थशास्त्रात पिगू या इंग्रज पंडिताचा दाखला असतो: घरकाम करणाऱ्या बाईशी तिच्या मालकाने लग्न केलं, तर काम तेच राहतं, पण पगार बंद होतो आणि राष्ट्रीय उत्पन्न कमी होतं. आम्ही वर्गात हसायचो. हसताना एकीलाही वाटलं नाही, की आपण चार वर्षांत त्या बाईच्या जागी असणार. २०१९ च्या सरकारी वेळवापर पाहणीत निघालं, की घरकाम करणारी बाई त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते आणि पुरुष ९७. २९९ मिनिटं म्हणजे सहा सामायिका, हे माझ्या डोक्यात लगेच आलं.

पण मजुरीचा तो रकाना एकवेळ सोडा. मी जे धरलंच नव्हतं ते वेगळंच होतं. ओट्यावरच्या त्या दोन तासांत कोणाची लेक माहेरी का आली, कोणाच्या घरात पीठ नाही, कोणाला कोणाशी बोलायचं नाही, हे सगळं ठरायचं. पीठ नाही हे तोंडाने कोणी म्हणत नसे. गोधडीच्या निमित्ताने "माझं एवढं शिवून दे" म्हणून बाई एकीला काम देत आणि पायलीभर बाजरी घालत. ती तिला मजुरी वाटे, भीक वाटत नसे. मी चादरीशी तुलना केली, आणि ओटा बंद पडला. त्या बाईच्या घरी पुढे कोणी बाजरी घातली का, हे मला माहीत नाही. मी तेव्हा विचारलं नाही.

या सगळ्यात शिवणयंत्राची एक गोष्ट राहिली. ओटा बंद झाल्यावर मी शहाणपणाने सुचवलं होतं, की मशीनवर शिवू. आमच्याकडे उषाचं पायमशीन होतं. मशीनबद्दल गांधीजींनाही ममता होती. यंत्रांना विरोध करताना १९२४ साली एका मुलाखतीत त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद केलं. बायकोचे हातशिलाईचे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरने ते प्रेमापोटी बनवलं, असं ते सांगत. मी कॉमर्सवाली, मला दुसराच सिंगर माहीत. १८५१ च्या पेटंटवाला आयझॅक सिंगर पक्का धंदेवाला, आणि त्याचे संसार एकाहून अधिक होते. त्याच्या कंपनीने १८५० च्या दशकात मशीन हप्त्यावर विकायला सुरुवात केली, आणि आम्ही अकाउंटन्सीत जे हप्तेखरेदीचे हिशोब घोटले ते त्याच रीतीचे. प्रेमाची गोष्ट जास्त गोड आहे हे कबूल.

तर मशीनवर गोधडी शिवून पाहिली. सहा थर पायाखाली जाईनात, सुई मोडली. पातळ करून शिवली तर ती पुठ्ठ्यासारखी झाली. मशीनचा टाका थरांना आवळून धरतो. हाताचा धावदोरा सैल असतो, थर आतल्या आत थोडे सरकतात, मध्ये हवा राहते, आणि ती हवाच ऊब देते. गोधडीवर ज्या बारीक सुरकुत्या पडतात त्या त्यामुळेच.

बाईंनी सुई पुन्हा हातात घेतली ती १९८६ साली, माझा मुलगा झाल्यावर. मी काही बोलले नाही, त्याही काही बोलल्या नाहीत. दरवर्षी संवत्सरीला मी त्यांच्या पाया पडून मिच्छामि दुक्कडम् म्हणत होते, त्या म्हणत होत्या. पण ते सगळ्यांसाठी असतं तसं, वर्षभराचं एकगठ्ठा. त्या कागदाचं नाव घेऊन मी कधी क्षमा मागितली नाही. बाई जाऊन आता चौदा वर्षं झाली.

त्या अर्ध्या राहिलेल्या गोधडीचीच ही गोधडी झाली असावी, हे मला तिसऱ्या दुपारी कळलं. एका कडेपासून हातभर आतपर्यंत टाके पांढऱ्या दोऱ्याचे, घट्ट, सरळ. तिथून पुढे दोरा बदललेला, निळा, आणि टाके जरा मोठे. हात दोन वर्षांनी मोठा झाला होता. आणि जिथे दोरा बदलतो त्याच्या आत, मधल्या थरात, एक जांभळ्या काठाचा लहानसा चौकोन. मी तो ओळखला. माझ्या आईचं पातळ. बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा आईने त्याचं दुपटं करून बाळाबरोबर दिलं होतं. मुलगा मोठा झाल्यावर ते कुठे गेलं याचा मी कधी विचार केला नव्हता. आई त्याच्या मुंजीएवढ्या वयातच गेली. बाईंनी ते जपून मध्यभागी घेतलं होतं, जिथे शिलाई संपते तिथे, आणि मला सांगितलं नव्हतं. पस्तीसएक वर्षं मी ते पांघरत होते.

मग ऑनलाइनचा विषय माझ्यापुरता संपला. सगळे थर धुतले, वाळवले. विरलेला मांजरपाट पुन्हा आत घेतला, आईचा चौकोन होता तिथेच ठेवला. खालून माझं एक सुती पातळ लावलं आहे. गुडघे दुखतात म्हणून जमिनीवर फार वेळ बसवत नाही. पलंगावर पाट ठेवून शिवते. टाके बाईंसारखे येत नाहीत, ओळ वाकडी जाते. शेजारची एक तरुण मुलगी दुपारी येऊन बसते. तिला शिकायचं आहे असं ती म्हणते, पण मला वाटतं तिला घरून अर्धा तास सुटका हवी आहे. येऊ दे.

परवा व्हिडिओ कॉलवर सूनबाईने ते पसरलेलं बघितलं. आईच्या चौकोनाची गोष्ट तिला सांगितली, आणि १९८४ च्या कागदाचीही. तीच पहिली जिला सांगितली. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मम्मी, वरचं कापड अजून लावलं नाही ना? माझी कॉलेजची एक कॉटनची ओढणी आहे. फाटली आहे पण चालेल का?"

ओढणी काल कुरिअरने आली. लाल आहे, त्यामुळे रंग जातो का ते बघायला आधी मिठाच्या पाण्यात भिजत घातली आहे.